दुसरा गोली

२५ मे आला की आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. इस्तंबूल, २००५. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध मिलान, पेनल्टी शूटआउट. गोलरेषेवर उभा असलेला एक उंच माणूस हात पसरतो, गुडघे लटपटवतो, दारू पिऊन नाचल्यासारखा इकडून तिकडे झुलतो. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. मीही अंगठा टाकतो आणि फोन ठेवतो.

पण दरवर्षी मनात येतं, या माणसाची, लिव्हरपूलच्या गोलकीपर येझी दुदेकची, अठरा-वीस वर्षांची कारकीर्द, आणि आपल्या लोकांना त्यातली दहा मिनिटंच माहीत. यंदा ठरवलं, लिहायचं. ग्रुपवर लांबलचक लिहिलं तर कुणी वाचत नाही, म्हणून इथे.

माझं नातं काय, तेही सांगतो. कोल्हापुरात एका पेठेतल्या तालमीच्या टीममध्ये मी चार सीझन होतो. 'खेळलो' म्हणत नाही, 'होतो' म्हणतो. मी दुसरा गोली, म्हणजे राखीव गोलकीपर. चार सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर स्पर्धेचे सामने खेळलो ते एकूण सहा. बाकी वेळ वॉर्म-अपला पहिल्या गोलीला शॉट मारून द्यायचे, त्याचे ग्लोव्हज सांभाळायचे, आणि मग नव्वद मिनिटं बेंचवर. आता शिरोलीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे, गुडघा कधीकधी बोलतो, बाकी ठीक.

बाहेरून बघणाऱ्याला दुसऱ्या गोलीचं दुखणं कळत नाही. राखीव फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. मिडफिल्डर दमतो, बदलतात. गोलीची जागा एकच, आणि पहिला गोली दमत नाही. तो आत आहे तोवर तुम्ही बाहेर. त्याला लागलं, तो सस्पेंड झाला किंवा त्यानं मोठी माती खाल्ली, तरच तुमचा नंबर. म्हणजे तुमचं चांगलं व्हायचं तर ज्याच्याशी रोज सराव करता त्याचं वाईट व्हायला पाहिजे. तो क्रॉस घ्यायला उडी मारतो तेव्हा तुमच्या मनात एक क्षण काय येतं, ते तुम्हालाच माहीत असतं. आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

येझी दुदेक हा मला त्या अर्थानं आमच्यातला वाटतो. समालोचक त्याला 'जर्झी' म्हणायचे, जर्सीचा भाऊ असल्यासारखं. पोलिशमध्ये ते येझी आहे, म्हणजे जॉर्ज. जन्म २३ मार्च १९७३, पोलंडच्या दक्षिणेला शिलेशियात, रिब्निक गावी. वाढला जवळच्याच क्नुरूफमध्ये. हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा. वडील खाणकामगार. हाही खाणकामाच्या शाळेत शिकला. फुटबॉल नसता तर वडिलांसारखाच पिंजऱ्यात उभा राहून जमिनीखाली उतरला असता. गावच्या कॉन्कॉर्डिया क्लबकडून खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत राहिला तो बावीस वर्षांचा होईपर्यंत. त्या वयात मोठ्या क्लबांची पोरं राष्ट्रीय संघात असतात. मग १९९५ मध्ये तिखीच्या सोकूवमध्ये गेला आणि पहिल्यांदा देशाच्या वरच्या लीगमध्ये उतरला. तिथे सामने खेळला पंधरा. पंधराच. आणि त्या पंधरा सामन्यांच्या जोरावर १९९६ मध्ये रॉटरडॅमच्या फेयेनूर्डनं त्याला उचललं.

त्याच्या आधीच्या पिढीला हे जमलंच नसतं. कम्युनिस्ट राजवटीत चांगल्या खेळाडूला परदेशी जायला परवानगी मिळायची ती साधारण तिशीला टेकल्यावर, देशासाठी पुरेसा वापरून झाल्यावर. १९७३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला रोखून धरणारा यान तोमाशेव्स्की बेल्जियमला गेला तो १९७८ मध्ये, तिशीत. काझिमेश देयना मँचेस्टर सिटीला गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. योझेफ म्विनार्चिक आधी फ्रान्सला, मग पोर्तुगालला गेला आणि १९८७ मध्ये पोर्तोबरोबर युरोपियन कप जिंकला, तेही तिशी ओलांडूनच. बोनिएक सव्विसाव्या वर्षी युव्हेंटसला गेला, पण तो बोनिएक होता. दुदेकच्या वेळेला ती राजवट जाऊन सात वर्षं झाली होती. तेविसाव्या वर्षी बॅग भरली आणि निघाला.

आणि रॉटरडॅमला जाऊन काय केलं? बेंचवर बसला. फेयेनूर्डच्या गोलमध्ये होता एड द खूय, नेदरलँड्सचा राष्ट्रीय गोली, साडेसहा फुटी माणूस. पहिल्या पूर्ण सीझनमध्ये दुदेकला लीगचा एकही सामना मिळाला नाही. परका देश, परकी भाषा, आणि रोज सकाळी उठून ज्याच्या जागेवर तुमचा डोळा आहे त्याच्यासोबत सराव. मला इथे घरी आईच्या हातचं जेवून, संध्याकाळी कट्ट्यावर बसून ते सोसायला जड गेलं होतं.

१९९७ मध्ये द खूय चेल्सीला गेला आणि दरवाजा उघडला. त्यानंतर चार वर्षं दुदेक हलला नाही. १९९९ मध्ये लिओ बेनहाकरच्या हाताखाली फेयेनूर्डनं डच लीग जिंकली. नेदरलँड्समधला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून त्याचा गौरव झाला. २००१ च्या उन्हाळ्यात तो आर्सेनलला जाणार अशी जोरात चर्चा होती, पण आर्सेनलनं घेतला रिचर्ड राइट.

मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बोल्टनला एक सामना झाला. लिव्हरपूलचा गोली होता सान्डर वेस्टरवेल्ड. त्याच वर्षी लिव्हरपूलनं लीग कप, एफए कप आणि यूएफा कप असे तिन्ही जिंकले होते, वर चॅरिटी शील्ड आणि सुपर कप. पाच ट्रॉफ्या, पाचही वेळा गोलमध्ये हा. बोल्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत डीन होल्ड्सवर्थचा एक साधा फटका त्याच्या हातातून निसटून आत गेला आणि सामना हरला. चार दिवसांनी, ३१ ऑगस्टला, मॅनेजर जेरार उलिए यांनी एका दिवसात दोन गोली विकत घेतले: फेयेनूर्डचा दुदेक आणि कॉव्हेन्ट्रीचा वीस वर्षांचा ख्रिस कर्कलंड. पाच ट्रॉफ्यांचा मालक एका रात्रीत तिसरा गोली झाला. डिसेंबरपर्यंत स्पेनला निघूनही गेला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. दुदेक लिव्हरपूलमध्ये आत आला तो दुसऱ्याच्या हातून निसटलेल्या चेंडूमुळे. त्याला ते माहीत नसेल असं होणारच नाही.

पहिला सीझन झकास गेला. लिव्हरपूल लीगमध्ये दुसरं आलं. २००२ च्या वर्ल्ड कपला पोलंड सोळा वर्षांनी पात्र ठरलं होतं आणि गोलमध्ये दुदेक. तिथे मात्र कोरियानं दोन घातले, पोर्तुगालनं चार, आणि घरी. तरी एका वर्ल्ड कपवरून गोलीला कोणी काढत नाही. काढतात ते एका चेंडूवरून.

१ डिसेंबर २००२. अ‍ॅनफील्ड, समोर मँचेस्टर युनायटेड. कोल्हापुरात ज्याला पेठेची खुन्नस म्हणतात, तीच. चौसष्टावं मिनिट, शून्य-शून्य. जेमी कॅरागर डोक्यानं चेंडू मागे देतो. जोर नाही, फिरकी नाही, टप्पा खाऊन सावकाश येणारा चेंडू. दुदेक एक गुडघा टेकतो, दोन्ही हात खाली नेतो, सगळं शाळेत शिकवतात तसं. आणि चेंडू हातांतून सुटून पायांच्या मधून मागे जातो. तो वळून बघेपर्यंत डिएगो फोर्लान पोचलेला. रिकामा गोल.

हे मी कितीतरी वेळा बघितलंय, थांबवून थांबवून. चूक कुठे झाली ते मला वाटतं कळलंय. त्याचे डोळे चेंडू हातात यायच्या आधीच वर उठतात. चेंडू धरून पुढे कुणाला फेकायचा ते तो बघायला लागला होता. अवघड चेंडूवर असं होत नाही, कारण अवघड चेंडूवर तुम्ही दुसरा विचारच करू शकत नाही. सोपा चेंडू विचार करायला वेळ देतो.

तीन मिनिटांनी फोर्लाननं जवळच्या खांबाकडून दुसरा घातला. सामना २-१ गेला. युनायटेडच्या लोकांनी फोर्लानवर गाणं रचलं, त्यात लिव्हरपूलवाल्यांना रडवल्याची ओळ आहे, आणि फोर्लान क्लब सोडून गेला तरी ते म्हणत राहिले. दुदेकला बाहेर बसवलं. कर्कलंड आत.

माझ्या सहा सामन्यांतला तिसरा सामना असाच होता. बॅकपास नव्हता, लांबून मारलेली फ्री किक होती, उन्हानं कडक झालेल्या मैदानावर टप्पा पडून छातीवर आली. छातीवर आलेला चेंडू सुटतो कसा, हे मला अजून सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर गेलो तर गाडीवाला चहा गाळता गाळता, वर न बघता म्हणाला, "काय गोली, हाताला तेल लावून आलतास काय काल?" दीड महिना मी त्या गाड्याच्या रस्त्यानं गेलो नाही. लांबून वळसा घालून जायचो. तेव्हा मी दुदेकचा विचार केला होता. मला एक चहावाला चुकवायचा होता, त्याला अख्खं शहर.

जानेवारीत कर्कलंडचा गुडघा गेला. दुदेक परत आत. आणि २ मार्च २००३ ला, कार्डिफला, लीग कपची फायनल. समोर पुन्हा मँचेस्टर युनायटेड. चूक होऊन तीन महिने झाले होते. जेरार्ड आणि ओवेनच्या गोलांनी लिव्हरपूल २-० जिंकलं, पण सामन्याचा मानकरी ठरला गोली. इस्तंबूलचा व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी शंभरात एकाला ही फायनल माहीत असेल. मला विचाराल तर त्याचा खरा सामना हा. इस्तंबूलला तो हरवायला आलेल्या मिलानशी लढला, कार्डिफला स्वतःच्या हातांशी.

तरीपण इस्तंबूलबद्दल न लिहून कसं चालेल!

आपल्याकडे सामना रात्री सव्वाबाराला सुरू झाला. आमच्या घरी टीव्ही बाहेरच्या खोलीत, आणि त्याच खोलीत वडील झोपायचे. त्यांची सकाळची शिफ्ट. त्यामुळे आवाज पूर्ण बंद. मी टीव्हीपासून तीन फुटांवर, चटईवर, तोंडावर उशी घेऊन. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीनं गोल केला. हाफ टाइमच्या आधी क्रेस्पोनं दोन. तीन-शून्य. मी उठून पाणी प्यालो आणि झोपायचं ठरवलं होतं. का झोपलो नाही, आठवत नाही. बहुतेक उकडत होतं.

त्यानंतरची सहा मिनिटं जगाला पाठ आहेत: जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो. तीन-तीन. पण जेरार्डच्या गोलच्या अगदी आधी मिलानच्या शेवचेन्कोनं मारलेली एक जोरदार फ्री किक दुदेकनं बाहेर ढकलली होती. ती आत गेली असती तर चार-शून्य, आणि पुढची कथाच नाही. कुणाच्या व्हिडिओत ती नसते.

जादा वेळेत आजी उठली. तिला गुडघेदुखीनं रात्री झोप नसायची. भिंतीला धरून आली, माझ्या मागे खुर्चीत बसली. "झोपला न्हाईस व्हय रं?" मी खूण केली, बाबा झोपलेत. तीही बघायला लागली. मूक टीव्ही आणि आम्ही दोघं.

आणि मग एकशे सतरा-अठरावं मिनिट. डावीकडून सेर्जिन्योचा क्रॉस. शेवचेन्को, आदल्या वर्षीचा बॅलन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला माणूस, सहा यार्डांच्या आत मोकळा. त्यानं डोकं घातलं, चेंडू खाली जमिनीकडे. दुदेकनं तो हातानं अडवला, पण चेंडू सुटून पुन्हा शेवचेन्कोसमोरच पडला, दीड-दोन यार्डांवर. दुदेक अजून खाली, पुरता उठलेलाही नाही. शेवचेन्कोनं पूर्ण ताकदीनं मारला. आणि दुदेकचा हात वर आला. हातच फक्त. चेंडू त्या हाताला लागून बारवरून गेला. शेवचेन्को कपाळाला हात लावून उभा.

याला मी सेव्ह म्हणू की नशीब, यावर आमच्या पहिल्या गोलीशी माझं बरंच भांडण झालंय. तो म्हणतो, नशीब, चेंडू येऊन हातावर आपटला. मी म्हणतो, हात तिथे होता ना? अडवलेला चेंडू पडला म्हटल्यावर बहुतेक गोली डोळे मिटून अंग आकसून घेतात, मार चुकवायला. मी घ्यायचो. तो अंग पसरतो. अडीच वर्षांपूर्वी सोप्या चेंडूवर वर उठलेले डोळे या वेळी चेंडूवरून हलत नाहीत.

शूटआउटच्या आधी कॅरागर धावत त्याच्याकडे येतो. तोच कॅरागर, ज्याच्या बॅकपासवर ती माती झाली होती. हातवारे करून, जवळजवळ खांदे हलवून त्याला सांगतो: १९८४ आठव, ग्रोबेलारनं रोममध्ये पाय लटपटवून इटालियनांना गोंधळवलं होतं, तसं कर. लिव्हरपूलच्या ब्रूस ग्रोबेलारनं रोमाविरुद्धच्या फायनलला खरंच तसं केलं होतं आणि रोमानं दोन पेनल्ट्या बाहेर मारल्या होत्या. दुदेक स्वभावानं शांत, हसतमुख माणूस. असले चाळे त्याचे नव्हेत. पण केले.

आमच्या घरात ते दृश्य आलं तेव्हा आजी पुढे वाकली. "ह्येच्या पायाला काय झालंय? वात आलाय काय?"

मी उशीत तोंड खुपसून हसलो.

सेर्जिन्योनं बारवरून मारला. पिर्लोचा दुदेकनं अडवला. आता खरं सांगायचं तर पिर्लोच्या वेळी तो रेषा सोडून चांगला पुढे आला होता. आजच्या नियमानं, मारताना एक पाय तरी रेषेवर पाहिजे म्हणतात त्या नियमानं, ती पेनल्टी परत घ्यायला लागली असती. तेव्हाही नियम रेषेवरच उभं राहायचा होता, पण पंच बघून न बघितल्यासारखं करायचे. इकडे लिव्हरपूलच्या हामान, सिसे आणि श्मित्सरनं घातले, रीसेचा मिलानचा गोली दिदानं अडवला. मिलानकडून तोमासन आणि काका. तीन-दोन. शेवटी शेवचेन्को. त्यानं मधोमध मारला. दुदेक उजवीकडे झेपावलेला, पण डावा हात मागे राहिला होता, त्या हाताला चेंडू लागला.

वडील कूस बदलून म्हणाले, "बंद कर आता." तीन वाजायला आले होते.

आजीनं विचारलं, "कुठला म्हनायचा ह्यो?"

"पोलंडचा."

"पोलंड? आपल्या वळिवड्यातला?"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थांबून सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी हजारो लोक सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांच्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी उभी राहिली. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, थिएटर होतं. १९४८ पर्यंत ती माणसं तिथे राहिली, मग पांगली. नंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. आजीचं माहेर त्याच बाजूचं. लहानपणी ती आपल्या आईबरोबर छावणीच्या वाटेवर भाजी घेऊन बसायची. तिच्या लेखी पोलंड हा देश नव्हताच, ती वळिवड्याची एक वस्ती होती. गोऱ्या बायका मोडकं मराठी बोलून भाव करायच्या आणि त्यांची पोरं धुळीत चेंडू लाथाडायची, एवढा तिचा पोलंड.

"न्हाई ग, तिकडचा. खऱ्या पोलंडचा."

"असंल," ती म्हणाली. "पर त्वांड तसलंच हाय." आणि भिंत धरत आत गेली.

त्या रात्रीनंतर दोन महिनेही झाले नसतील. लिव्हरपूलनं व्हियारेआलकडून पेपे रैना आणला आणि मॅनेजर बेनितेझनी त्याला पहिला गोली केला. ज्याच्या हातांनी कप आणला तो दुसरा गोली. वेस्टरवेल्डचं जे झालं तेच. फरक एवढाच की वेस्टरवेल्डनं चूक केली होती, दुदेकनं काही केलं नव्हतं. रैना खरोखर चांगला होता, हेही मान्य करायला हवं. पुढची बरीच वर्षं त्यानं ती जागा कुणाला दिली नाही. बेंचवर बसल्याची किंमत २००६ च्या वर्ल्ड कपलाही मोजावी लागली. पोलंडचे कोच पावेव यानास यांनी दुदेकला संघातच घेतलं नाही. वर्षभरापूर्वी युरोप जिंकलेला गोली वर्ल्ड कप घरी टीव्हीवर बघतो.

२००७ मध्ये लिव्हरपूलचा करार संपला. चौतीस वर्षांचा होता. छोट्या क्लबात कुठेही पहिला गोली झाला असता. तो गेला रेआल माद्रिदला, इकेर कासियासच्या मागे. म्हणजे जाणूनबुजून दुसरा गोली व्हायला. चार वर्षांत लीगचे सामने मिळाले दोन.

आधी मला हे पटत नसे. वाटायचं, पैशासाठी गेला. पैसा होताच, नाकारून उपयोग नाही. पण चार वर्षं माद्रिदमध्ये ज्याच्याशी त्याचं वाकडं आहे असा माणूस सापडायचा नाही. आणि जे सामने वाट्याला आले, ते कसले! ऑक्टोबर २००९, स्पेनचा किंग्ज कप, समोर तिसऱ्या डिव्हिजनचं अल्कोर्कोन. मोठ्या गोलीला विश्रांती, दुदेक आत. अल्कोर्कोननं रेआल माद्रिदला चार गोल घातले. चार-शून्य. स्पेनमध्ये त्याला 'अल्कोर्कोनासो' म्हणतात, आजही चेष्टेत काढतात. महिनोन्‌महिने बेंचवर बसवून त्याच दिवशी आत सोडायचं!

दुसरी गोष्ट तर आमच्या बेंचच्या दंतकथांमध्ये जमा व्हावी अशी. नोव्हेंबर २०१०, अ‍ॅम्स्टरडॅम, आयाक्सविरुद्ध रेआल चार-शून्य पुढे. अलोन्सो (इस्तंबूलचाच, आता रेआलमध्ये) आणि रामोस यांनी मुद्दाम दुसरं पिवळं कार्ड घेतलं तर पुढच्या बिनमहत्त्वाच्या सामन्यात त्यांचं निलंबन फिटून जाणार होतं. रेआलचे मॅनेजर मॉरिन्यो साहेब यांचा निरोप बेंचवरून निघाला. दुदेक उठून गोलच्या मागे गेला, कासियासच्या कानाला लागला, कासियासनं तो रामोसकडे पोचवला. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं. दोघं वेळ काढत बसले, दोघांनाही लाल कार्ड. यूएफानं मॉरिन्यो आणि त्या दोघांबरोबर निरोप्यांनाही दंड केला. न खेळता दंड झालेला दुसरा गोली! मी आमच्या ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा लोकांना खोटं वाटलं. पुढच्याच सामन्यात, ओसेरविरुद्ध, दुदेकला संधी मिळाली आणि जबड्याला मार बसून पहिल्याच हाफमध्ये बाहेर.

२०१३ च्या जूनमध्ये पोलंडनं त्याला लिख्टेनश्टाइनविरुद्ध क्राकोमध्ये निरोपाचा सामना दिला. तो त्याचा साठावा. तिकडे तेव्हा साठ सामने खेळलेल्यांचा एक मानाचा क्लब होता आणि दुदेक एकोणसाठवर अडकला होता. चाळिशीतला माणूस, खेळणं सोडून दोन वर्षं झालेली, पण एकाच्या फरकानं त्याला ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पोलिश लोकांची ही गोष्ट मला फार आवडली. पुढे हा गडी मोटार रेसिंगमध्येही उतरला.

पण माझ्याजवळ जपून ठेवलेला व्हिडिओ वेगळा आहे. २१ मे २०११, रेआलचं बेर्नाबेउ मैदान, सीझनचा शेवटचा सामना, समोर अल्मेरिया. रेआल आठ-एक जिंकलं, त्यामुळे बातम्यांत सगळे गोल आणि रोनाल्डो. दुदेकचा करार संपणार होता म्हणून मॉरिन्योनं त्याला सुरुवातीपासून खेळवलं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला त्याला बदललं. तो ग्लोव्हज काढत साइडलाइनकडे चालायला लागतो आणि टीमची माणसं दोन रांगा करून उभी राहतात. चालू सामन्यात. अख्खं स्टेडियम उभं. चार वर्षांत लीगचे दोन सामने खेळलेल्या माणसासाठी रेआल माद्रिदचे खेळाडू टाळ्या वाजवत उभे, आणि तो मधून मान खाली घालून चालतोय, एकेकाचा हात हातात घेत. त्याला कुठे बघावं ते कळत नाहीये.

यंदा २५ मेला आमच्या पहिल्या गोलीनं नेहमीप्रमाणे इस्तंबूलचा व्हिडिओ टाकला. दरवर्षी तोच टाकतो, हे सांगायचं राहिलं. मी त्याच्याखाली अंगठा न टाकता अल्मेरियाचा व्हिडिओ टाकला.

पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला. "हा कोण?"